पॉलिसिस्टिक किडनीत पेशी कशी बदलते : रुग्णाच्या घरच्यांनी समजून घेण्याची एक रीत

सोनोग्राफीच्या अहवालावर ‘दोन्ही मूत्रपिंडांत असंख्य सिस्ट’ अशी ओळ आली की घरातून पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : या गाठी ऑपरेशन करून काढून टाकता येणार नाहीत का? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण गाठ म्हणजे शरीरात नव्याने उगवलेली परकी वस्तू, अशीच आपली समजूत असते. अनुवंशिक पॉलिसिस्टिक किडनीत मात्र गाठ म्हणजे मूत्रपिंडाच्याच एका सूक्ष्म नळीची फुगलेली भिंत असते, आणि ती भिंत ज्या पेशींची बनलेली असते त्यांच्या वागण्यातच बिघाड झालेला असतो. हा बिघाड कोणता, हे एकदा नीट कळले की मीठ कमी करा, रक्तदाब सांभाळा, दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, भावंडांची तपासणी करा, या डॉक्टरांच्या सूचना सुट्या सुट्या राहत नाहीत. प्रत्येक सूचनेमागची पेशीतील घडामोड दिसू लागते. पुढे दिलेली रीत त्यासाठीच आहे. एक कोरा कागद, पेन्सिल आणि रुग्णाचे आजवरचे सगळे अहवाल समोर घेऊन बसावे, आणि घरातील जाणत्या मुलांनाही बरोबर घ्यावे.

आधी निरोगी नळी काढावी

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक, असतात. त्यांपैकी एकच कागदावर काढावा : वरच्या टोकाला रक्तकेशिकांचा गुच्छ, त्यातून निघणारी वळणावळणाची नळी, आणि शेवटी अनेक नेफ्रॉनचे मूत्र एकत्र करणारी संग्राहक नलिका. गुच्छांतून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील दीड-दोन लिटर वगळता बाकीचा सगळा नळीच्या भिंतीतून पुन्हा रक्तात घेतला जातो. एवढे मोठे काम करणारी ही भिंत केवळ एका पेशीच्या जाडीची असते, ही गोष्ट चित्रात ठळकपणे दाखवावी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे.

आता त्या भिंतीतील एक पेशी मोठी करून काढावी. तिची एक बाजू नळीच्या पोकळीकडे असते आणि दुसरी रक्ताकडे, आणि कोणत्या बाजूला कोणते क्षारवाहक प्रथिन बसवायचे याची पेशीला पक्की जाण असते. पोकळीकडच्या बाजूवर एक बारीक केसासारखा अवयव काढावा. याला प्राथमिक सिलियम म्हणतात. श्वासनलिकेतील सिलिया झाडूसारख्या हलत असतात, तसा हा हलत नाही. तो स्थिर असतो आणि बाहेरच्या परिस्थितीचा सुगावा पेशीला देतो. अनेक दशके या केसाकडे उत्क्रांतीत मागे राहिलेला निरुपयोगी अवशेष म्हणूनच पाहिले जात होते. २००० साली असे दिसून आले की क्लॅमिडोमोनास या हिरव्या शैवालाला आपले केस बांधण्यासाठी जे जनुक लागते, तेच जनुक पॉलिसिस्टिक किडनी असलेल्या उंदरांच्या एका जातीत बिघडलेले आहे, आणि त्या उंदरांच्या मूत्रपिंडातील सिलिया खुरटलेल्या आहेत. तळ्यातल्या शैवालाने माणसाच्या मूत्रपिंडाचे कोडे सोडवायला हातभार लावावा, ही मला या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि मुलांना समजावताना ती जरूर सांगावी.

दोष कोठे आहे ते लिहावे

चित्राच्या बाजूला दोन नावे लिहावीत : पीकेडी-१ आणि पीकेडी-२. पहिले जनुक १६व्या गुणसूत्रावर आहे आणि दुसरे चौथ्या. प्रौढ वयात दिसणाऱ्या प्रकाराच्या सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक घराण्यांत पहिल्यात दोष असतो, साधारण १५ टक्क्यांत दुसऱ्यात, आणि उरलेल्या थोड्यांत इतर जनुकांत. पीकेडी-१ची जागा नेमकी सापडली ती १९९४ मध्ये, पोर्तुगालमधील एका कुटुंबामुळे. त्या कुटुंबात आई आणि मुलीला पॉलिसिस्टिक किडनी होती आणि मुलाला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा वेगळाच आजार होता. आईच्या १६व्या गुणसूत्राचा तुकडा जेथे तुटून दुसरीकडे जोडला गेला होता, त्याच ठिकाणी हे जनुक होते. दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, पीकेडी-२ही हाती लागले.

पीकेडी-१ जे प्रथिन तयार करते त्याला पॉलिसिस्टिन-१ म्हणतात. ते चार हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे अवाढव्य प्रथिन आहे. पीकेडी-२चे प्रथिन पॉलिसिस्टिन-२ त्यामानाने लहान असून ते पेशीच्या आवरणातील एका दारासारखे काम करते, ज्यातून कॅल्शियमसारखे धनभारित आयन आत येऊ शकतात. ही दोन प्रथिने जोडीने काम करतात, आणि त्यांचे एक मुख्य ठिकाण म्हणजे तोच केसासारखा सिलियम. त्यामुळे दोष कोणत्याही एका जनुकात असला तरी आजार जवळपास सारखाच दिसतो. फरक पडतो तो वेगात. पीकेडी-१च्या घराण्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचे सरासरी वय पन्नाशीच्या मध्यावर येते, तर पीकेडी-२मध्ये ते सत्तरीच्या पुढे जाते. म्हणून घराण्याची वंशावळ काढताना कोणाला आजार होता एवढेच लिहून थांबू नये. डायलिसिस कोणत्या वयात लागले, रक्तदाब कधी सुरू झाला, मेंदूतील रक्तस्रावाने कोणी अचानक गेले का, हेही विचारून लिहावे. आजी ‘अंगावर सूज येऊन गेली’ एवढ्याच आठवणीमागेही पुष्कळदा हाच आजार असतो.

वंशावळीबाबत एक चूक वारंवार होते. आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि हा कौल प्रत्येक अपत्याच्या वेळी नव्याने लागतो. थोरल्याला आला म्हणून धाकटी सुटली, असा हिशेब येथे चालत नाही. आजार मुलगा-मुलगी असा भेदही करत नाही. १९५७ मध्ये डेन्मार्कमधील डालगार्ड यांनी २८४ रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांचा शोध घेऊन ही अनुवंशिकता पक्की केली होती. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांच्या घराण्यात मात्र पूर्वी कोणालाच आजार आढळत नाही; काही वेळा दोष त्या व्यक्तीतच प्रथम निर्माण झालेला असतो. अशा वेळी ‘आमच्याकडे कोणालाच नव्हते’ यावरून सून किंवा जावई यांच्या घराण्याकडे बोट दाखवू नये.

लहान बालकांत दिसणारा प्रकार निराळा आहे. त्यात सहाव्या गुणसूत्रावरील जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात, आईवडील स्वतः निरोगी असतात, आणि मूत्रपिंडाबरोबर यकृतालाही जन्मापासून इजा असते. त्याची काळजी वेगळी असल्याने येथे त्याचा विस्तार करत नाही.

पेशीचे पाऊल कोठे घसरते

आता रीतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग. दोष गर्भधारणेपासूनच शरीरातील प्रत्येक पेशीत असतो. मग सगळ्याच नळ्या का फुगत नाहीत? गाठी धरतात त्या अगदी थोड्या नेफ्रॉनमध्ये, ढोबळमानाने शंभरांतील पाचांहूनही कमी. याचे उत्तर गाठींच्या भिंतीतच मिळाले. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. आईवडिलांकडून आलेली सदोष प्रत एक, आणि दुसरी चांगली. आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीतील ही चांगली प्रतही बिघडते, आणि त्या एका पेशीपासून पुढची गाठ तयार होते. १९९६ मध्ये गाठींच्या पेशी तपासल्या तेव्हा एका गाठीतील पेशी एकाच मूळ पेशीच्या वंशातील असल्याचे आणि त्यांची दुसरी प्रत हरवल्याचे दिसले. पुढे हेही कळले की दुसरी प्रत पूर्ण नाहीशी होण्याची गरज नाही. कार्यक्षम प्रथिनाचे प्रमाण एका मर्यादेखाली गेले तरी पेशी घसरते. सख्ख्या भावंडांत एकाला चाळिशीत डायलिसिस आणि दुसरा साठीतही कामावर, असे का घडते याचे थोडे उत्तर येथे आहे.

मर्यादेखाली गेलेल्या पेशीत काय घडते, ते चित्रात बाण काढून दाखवावे. पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण घटते आणि सायक्लिक एएमपी नावाचा संदेशवाहक रेणू वाढतो. निरोगी पेशीत हा रेणू पेशीविभाजनाला आवर घालतो. सदोष पेशीत तोच विभाजनाला चालना देतो. प्रयोगशाळेत निरोगी पेशींचे कॅल्शियम औषधाने उतरवले तेव्हा त्या सदोष पेशींसारख्या वागू लागल्या, आणि सदोष पेशींचे कॅल्शियम वाढवले तेव्हा त्या पुन्हा ताळ्यावर आल्या. आजाराचे मर्म मला या एका प्रयोगात दिसते : निरोप तोच, पण ऐकणाऱ्या पेशीला त्याचा उलटा अर्थ लागतो.

दुसरा बाण पाण्याचा. नळीची पेशी एरवी पोकळीतले पाणी आणि क्षार शोषून रक्तात पाठवते. सायक्लिक एएमपी वाढल्यावर पोकळीकडच्या बाजूवरील क्लोराइडचे एक दार उघडते, क्लोराइड पोकळीत उतरते, त्याच्यामागे सोडियम आणि पाणी जाते, आणि शोषणारी पेशी उलट पाझरू लागते. हे दार तेच, ज्याच्या बिघाडाने सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. पेशी वाढत आहेत आणि आतून पाणी भरत आहे, त्यामुळे नळीला फुगवटा येतो. तो साधारण दोन मिलिमीटरचा झाला की बहुतेक गाठी मूळ नळीपासून तुटतात आणि चहूबाजूंनी बंद होतात. गाठीतील द्रव सुईने काढला तरी ती पुन्हा भरते, कारण पाझरणारी भिंत तशीच राहते. म्हणून दुखणाऱ्या एखाद्या मोठ्या गाठीसाठी हा उपाय करतात, आजारासाठी नाही.

याखेरीज सदोष पेशी ऊर्जेसाठी ग्लुकोज वेगळ्या, उधळपट्टीच्या मार्गाने वापरू लागते, एमटॉर नावाची वाढीची यंत्रणा जागी होते, आणि गाठींभोवती दाहपेशी जमून चट्टे धरतात. शेवटी मूत्रपिंडाचे काम बंद पडते ते बरेचसे या चट्ट्यांमुळे आणि शेजारच्या निरोगी नळ्या दाबल्या गेल्यामुळे.

सिलियमबद्दल येथे एक खुलासा करावासा वाटतो. सिलियम वाकला की कॅल्शियम आत येते आणि त्यातून नळीतील प्रवाह मोजला जातो, असे सोपे चित्र अनेक ठिकाणी दिलेले असते. परंतु २०१३ मधील उंदरांवरील प्रयोगात, पॉलिसिस्टिन नसलेल्या पेशींचा सिलियमही काढून टाकल्यावर गाठी जास्त नव्हे, तर कमी वाढल्या. म्हणजे पॉलिसिस्टिन नसताना सिलियमच वाढीचा काही निरोप देत राहतो, आणि एरवी पॉलिसिस्टिन त्या निरोपाला आवर घालत असते. मुलांना समजावताना हेच चित्र सांगावे.

अहवाल या चित्राशी जुळवून वाचावेत

सर्वांत जास्त दिशाभूल करतो तो क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायच्या एका पदार्थाच्या रक्तातील प्रमाणाचा, आकडा. गाठी वाढत असताना उरलेले निरोगी नेफ्रॉन जास्त काम करून गाळणी टिकवतात, म्हणून क्रिएटिनिन कित्येक वर्षे, कधी कधी चाळिशीपर्यंत, ठीक दिसते. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे अजून काही नाही’ असा अर्थ त्यावरून कधीही काढू नये. त्या काळात आजाराची चाल मूत्रपिंडाच्या आकारमानावरून कळते. निरोगी मूत्रपिंड सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. अहवालावरील लांबी दरवर्षीच्या तारखेसह एका वहीत उतरवून ठेवावी. एमआरआय करून एकूण घनफळ काढता येत असेल तर अधिक चांगले. अमेरिकेतील २४१ रुग्णांच्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, हे घनफळ वर्षाला सरासरी ५.२७ टक्क्यांनी वाढले. चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्याला येतो त्याला लगेच कळेल की या गतीने आकार साडेतेरा वर्षांत दुप्पट होतो. उंची, वय आणि घनफळ यांवरून रुग्णाला १-ए ते १-ई अशा पाच गटांत बसवण्याची मेयो पद्धतही यावरच आधारलेली आहे. आपला गट कोणता, हे किडनीविकारतज्ज्ञांना अवश्य विचारावे, कारण औषध सुरू करण्याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

घराण्यात आजार असलेल्या, पण स्वतःला काही त्रास नसलेल्या व्यक्तीची सोनोग्राफी केली, तर गाठींची संख्या वयानुसार वाचावी लागते. १५ ते ३९ या वयात दोन्ही मूत्रपिंडांत मिळून तीन गाठी, ४० ते ५९ या वयात प्रत्येक मूत्रपिंडात किमान दोन, आणि साठीनंतर प्रत्येकात किमान चार, असा निकष आहे. उतारवयात एखादी साधी गाठ कोणालाही असू शकते. उलट विशीत सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणजे आजार नाहीच, असे ठरवता येत नाही. चाळिशीनंतर मात्र स्वच्छ सोनोग्राफी बराच दिलासा देते.

सूचना आणि त्यामागची पेशी

रक्तदाब येथे पहिला. फुगलेल्या गाठी शेजारच्या रक्तवाहिन्या दाबतात, तेथील ऊतींना रक्त कमी पडते, आणि मूत्रपिंड रक्तदाब वाढवणारी रेनिनची साखळी सुरू करते. त्यामुळे गाळणी घटण्याच्या कित्येक वर्षे आधी, तिशीच्या आसपास, रक्तदाब चढतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॉल्ट-पीकेडी या चाचणीत १५ ते ४९ वयाच्या आणि मूत्रपिंडाचे काम चांगले असलेल्या रुग्णांचा रक्तदाब ९५/६० ते ११०/७५ या पातळीत ठेवल्यावर मूत्रपिंडाची वाढ मंदावली. ही पातळी प्रत्येकासाठी नाही, ती डॉक्टरांनीच ठरवावी. पण घरी रक्तदाबाचे यंत्र असावे आणि नोंदी ठेवाव्यात, यात सवलत नाही. रेनिनची साखळी रोखणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत, म्हणून मूल होऊ देण्याचा विचार असल्यास तो आधीच सांगावा. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, आणि आपल्या ताटातील लोणचे, पापड, खारवलेली मिरची आणि फरसाण यांतले मीठ या हिशेबात धरावे.

पाण्याचा संबंध व्हॅसोप्रेसिनशी आहे. शरीरात पाणी कमी पडले की हे संप्रेरक वाढते, संग्राहक नलिकेच्या पेशीवर बसते आणि नेमके तेच सायक्लिक एएमपी वाढवते. टॉल्व्हॅप्टन हे औषध ही जागा अडवते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,४४५ रुग्णांच्या चाचणीत त्याने मूत्रपिंडाची वार्षिक वाढ ५.५ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आणली, आणि अमेरिकेत २०१८ मध्ये त्याला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याची किंमतही मोठी आहे : दिवसरात्र तहान, सतत लघवी, आणि यकृताला इजा होण्याचा धोका, ज्यासाठी पहिले दीड वर्ष दरमहा रक्ततपासणी लागते. हेच औषध कमी मात्रेत रक्तातील सोडियम वाढवण्यासाठीही दिले जाते. ते पाहून मनाने सुरू करण्याची चूक कोणीही करू नये. नुसते पाणी जास्त प्यायल्याने तोच परिणाम होईल, ही आशा ऑस्ट्रेलियातील तीन वर्षांच्या चाचणीत २०२२ मध्ये खरी ठरली नाही. तहान लागू न देण्याइतके पाणी प्यावे, आणि मूत्रपिंडाचे काम घटले असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एमटॉर रोखणारी औषधेही उंदरांत गुणकारी ठरली, पण २०१० मधील माणसांवरील चाचण्यांत त्यांनी मूत्रपिंडाचे काम वाचवले नाही. ‘संशोधनात सापडलेला उपाय’ म्हणून मोबाइलवर येणारा संदेश वाचताना, तो उंदरावरचा की माणसावरचा, एवढे तरी विचारावे.

चहा-कॉफीची भीती अनेकांच्या मनात असते, कारण कॅफिन प्रयोगशाळेतील पेशींत सायक्लिक एएमपी वाढवते. रुग्णांच्या निरीक्षणांत बेताच्या सेवनाने अपाय दिसलेला नाही; दोन कप चहासाठी म्हाताऱ्या वडिलांवर पहारा ठेवू नये. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र खरोखर टाळाव्यात, कारण त्या उरलेल्या नेफ्रॉनचा रक्तपुरवठा कमी करतात. ‘किडनी साफ करणारी’ भस्मे आणि घटक न लिहिलेल्या पुड्या यांनाही तोच नियम लावावा.

कुशीत दुखून थंडी-ताप आला तर गाठीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. गाठ नळीपासून तुटलेली असल्यामुळे लघवीच्या तपासणीत काहीच न सापडणे शक्य असते, आणि प्रत्येक प्रतिजैविक त्या बंद भिंतीच्या आत पोहोचतही नाही. ‘पॉलिसिस्टिक किडनी आहे’ हे वाक्य म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे. लघवीतून रक्त गेल्यास विश्रांती घेऊन डॉक्टरांना कळवावे. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू झाली तर एक मिनिटही न घालवता मोठे रुग्णालय गाठावे, कारण या आजारात मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. घराण्यात कोणाला तो झाला असेल, तर मेंदूचा एमआरआय करून घ्यावा का, हे आधीच विचारून ठेवावे.

घरातील तरुण आणि दाता

लहान मुलांचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. त्याला कोणाची हरकत नसावी. सोनोग्राफी आणि जनुकचाचणी मात्र सज्ञान झाल्यावर, समजावून सांगून, त्यांच्या इच्छेने करावी. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरेपर्यंत तपासणीच नको, असे म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. त्या दोन-चार वर्षांत चढलेला रक्तदाब तसाच राहतो आणि त्याची भरपाई नंतर होत नाही. मूल होण्याआधी स्वतःची स्थिती माहीत असणे हा त्या मुलीचा अधिकार आहे.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची वेळ आली की आई, बहीण, भाऊ पुढे येतात. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार जवळच्या नातेवाइकाला दान करता येते. परंतु रक्ताच्या नात्यातील दात्याला हाच आजार नाही, हे आधी सिद्ध व्हावे लागते. तरुण भावंडाच्या बाबतीत साधी सोनोग्राफी त्यासाठी पुरेशी नसते, एमआरआय लागतो आणि अनेकदा जनुकचाचणीही. त्यासाठी आधी रुग्णाच्या जनुकातील नेमका दोष माहीत असणे सोयीचे पडते, म्हणून प्रत्यारोपण दूर असतानाच रुग्णाची जनुकचाचणी करून अहवाल जपून ठेवावा. पीकेडी-१ जनुकाच्या बऱ्याच भागाच्या जवळपास सारख्या दिसणाऱ्या नकला त्याच गुणसूत्रावर असल्याने ही चाचणी अवघड असते. प्रयोगशाळा या जनुकासाठी खास पद्धत वापरते का, हे नमुना देण्यापूर्वी विचारावे. नव्या मूत्रपिंडात हा आजार पुन्हा उद्भवत नाही, कारण त्याच्या पेशी दात्याच्या असतात आणि त्यांत जनुकाच्या दोन्ही प्रती शाबूत असतात.